पहाटेचा मारवा

एमपी३ फायलीला नावगाव चिकटवण्याची आयडी३ ही सोय 1996 साली आली. सगळी कुंडली 128 बाइटांत, त्यात गायकाला 30. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. म्हणजे 'भीमसेन जोशी' लिहायला 31 लागतात. शेवटची वेलांटी गळते आणि उरतो नुसता जोश! मूळ यादीत संगीताचे 80 प्रकार होते. त्यात पोल्का होता, ख्याल नव्हता. आपली सोय 'एथनिक'मध्ये, म्हणजे 'इतर' लिहिलेल्या खोक्यात.

कुणी म्हणेल, ही जुनी रड झाली. पुढच्या आवृत्तीत युनिकोड आला, हवे ते रकाने वाढवता येतात. येतात, पण भरतो कोण? भरलेला 'राग' हा रकाना बहुतेक प्लेअर दाखवतही नाहीत. शिवाय आपली भक्ती आडवी येते. एकाच गायकाला कुठे 'पं.', कुठे 'पंडित', कुठे 'भारतरत्न' लावल्यामुळे यंत्राच्या लेखी ते तीन वेगळे इसम ठरतात आणि अकारविल्हे यादीत सगळे पंडित 'प'खाली दाटीवाटीनं बसतात. मग शोधपेटी आहेच की, असा शेवटचा बचाव. पण शोधपेटीला नाव ठाऊक असलेलीच वस्तू सापडते. 'सकाळचं काहीतरी, द्रुत, वीस मिनिटांत आटपणारं' ही साधी फर्माईश तिला कळत नाही. ती 'सकाळ' हा शब्द असलेलं भावगीत पुढे करते. आणि शफल दाबलं तर पहाटे सहाला संध्याकाळचा मारवा, तोही तबकडीच्या दुसऱ्या बाजूपासून.