डब्यातली फाइल

शिरूरच्या घरचा कॉम्प्युटर पुण्यात बसून चालवायचा, म्हणून मी आठवडाभर खल केला. टीमव्ह्यूअर जर्मन, एनीडेस्कही जर्मन, रस्टडेस्क फुकट. शेवटी एनीडेस्क ठरलं. अण्णा फोनवर त्याचे आकडे वाचायला लागले, तोच आईने मोबाइल हिसकावला. "कुणाला नंबर सांगताय?" तिचंही बरोबरच. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच अ‍ॅपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. मी चोर नसून तिचाच मुलगा आहे, हे सिद्ध होईतो शिरूरची वीज गेली.

ज्यासाठी हा खटाटोप, ती सातबाऱ्याची फाइल अखेर पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह चिवड्याच्या डब्यात, डबा शेजारच्या पोराबरोबर एसटीत. पासवर्ड कुणी विचारला नाही. आता आई रोज फोन करते. फाइल उघडली का ते नाही, डबा कधी परत पाठवतोस ते विचारायला.