सोळाव्या दिवशी कोण?

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न विचारता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. 29 ऑक्टोबर 2024 ला ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू झालं, ते चांगलंच झालं. पोरांपुढे हात पसरायला नको म्हणून दुखणं अंगावर काढणारी माणसं घराघरात आहेत.

पण हे कार्ड चालतं ते दवाखान्यात भरती झाल्यावर. म्हातारपणाचा खर्च होतो घरी. रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, चष्मा, कवळी, डायपर. गोळ्या पुरवायच्या म्हणून एकाआड एक दिवस घेणारी आजी लकवा मारून पडली, की मग कार्ड कामाला येतं. सरकारी केंद्रात गोळी फुकट मिळते, मान्य. पंचाहत्तरीनंतर एसटीही फुकट. पण दुखऱ्या गुडघ्यांनी थांब्यापर्यंत चालायचं कसं?

न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला, तर ऑपरेशन कार्डावर होतं. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधं, तपासण्याही त्यातच. सोळाव्या दिवशी कुशीवर कोण वळवणार? चार पावलं कोण चालवणार? सून नोकरी सोडते, नाहीतर स्वतः साठीला टेकलेली लेक येऊन राहते. त्यांच्या या कामाला सरकारदरबारी मोल नाही.

2007 च्या कायद्यानं माणूस साठीला ज्येष्ठ ठरतो. राज्याची वयोश्री योजना पासष्टीला तीन हजार रुपये देते, तेही एकदाच. कार्ड सत्तरीला. साठी ते सत्तरी हीच तर पुढची पडझड थोपवायची वर्षं, आणि नेमकी तीच आपण वाऱ्यावर सोडली आहेत.

केरळनं 2008 मध्ये वेदनाशमन आणि परिहार सेवेचं धोरण केलं आणि ते पंचायतींकडे सोपवलं. तिथं नर्स घरी येते, जखम धुते, लघवीची नळी बदलते, घरच्यांना शिकवते. पोरं मुंबईला आणि म्हातारी जोडपी गावात, अशी घरं कोकणात वाडीवाडीत आहेत. तिथं पाच लाखांच्या आकड्याआधी ही नर्स पोचायला हवी.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला घरी जाणारी एक नर्स द्या, तिला दुचाकी द्या, नियमित पगार द्या. कामागणिक मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईंच्या यादीत आणखी एक काम घालून हे भागणार नाही.