पाच पाऊण पावणेचार

अंकुशनगरच्या माणसाला वाळू दाखवायला जुहूला नेणं हे तसं धाडसाचंच काम. अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव, गोदावरी जवळ. इथल्या माणसाच्या लेखी वाळू म्हणजे ब्रासनं मोजायची, हायवात भरायची आणि महसूलची गाडी दिसताच ती टाकून कोण कसा पळाला याच्या गोष्टी टपरीवर चवीनं ऐकायची वस्तू.

त्यामुळे रात्रीची देवगिरी धरून मुंबईत उतरलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मामांना अंधेरीच्या भाच्यानं सकाळी दहाच्या सुमारास जुहूवर उभं केलं, तेव्हा मामांनी समुद्राकडे पाहिलंच नाही. आधी पाच-सहा किलोमीटर लांबीच्या त्या पट्ट्यावर हिशेबी नजर फिरवली.

"हिचा लिलाव झाला का रं?"

"मामा, ही विकत नाहीत."

"मग रातीतून कुणी उचलीत कसं नाही?"

समुद्राच्या वाळूत मीठ असतं, मिठानं सळई गंजते, म्हणून ती बांधकामाला चालत नाही, असं भाच्यानं सांगितलं. जुहूची चौपाटी अजून जागेवर का आहे, हे मामांना तेव्हा कळलं.

दुसरा प्रश्न सोबत आलेल्या मामींचा होता. "समुद्र कुठंय?"

होता, पण लांब. मधे ओल्या, घट्ट वाळूवर पोरांचं क्रिकेट रंगलेलं. ओहोटी आहे, पाणी येईल थोड्या वेळानं, असं भाचा म्हणाला आणि मामांचा चेहरा सावध झाला. पाणी 'येईल' हे वाक्य त्यांनी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर जन्मभर ऐकलेलं. नाथसागर १०२ टीएमसीचा असला तरी कालवा सल्लागार समितीची बैठक झाल्याशिवाय पाणीपाळी सुटत नाही, आणि सुटली तरी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

इथं बैठक नाही. चंद्र आणि सूर्य पाणी ओढतात, पृथ्वी त्याखालून फिरते आणि मुंबईला दिवसाकाठी साधारण दोन भरत्या मिळतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणून कालची भरती आज पन्नासेक मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला चंद्रसूर्य एका रेषेत आले की उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात ओढतात तेव्हा भांग, म्हणजे मवाळ भरती. पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आणि अशा दिवसांची यादी मुंबई महापालिका आधीच जाहीर करते. विहिरीच्या मापात सांगायचं तर अडीच पुरुष. किनारा उतरता-उतरता इतका संथ उतरतो की पाणी उभं थोडं खाली गेलं तरी आडवी मैदानंच्या मैदानं उघडी पडतात.

उत्तरेला खंबातच्या आखातात तर पाणी नरसाळ्यात कोंबल्यासारखं शिरतं. भावनगरच्या बाजूला ते दहा मीटरपर्यंत उठतं. अलंगचा जहाजं तोडण्याचा धंदा त्याच जोरावर उभा आहे: उधाणाला जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्यात घुसवायचं आणि पाणी ओसरलं की कापायला घ्यायचं. उलट पूर्वेला, गोदावरी जिथं समुद्राला मिळते त्या काकीनाड्याच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक दीड मीटरच्या आसपास. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरचा, आणि तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. तरी ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत गेली. "स्थळ नीट चौकशी करून बघितलं तिनं," मामा म्हणाले.

आता पाणी नेमकं कधी येणार? भाच्यानं मोबाइल काढला, पण रेंज येईना. शेजारी टोपली घेऊन टेकलेल्या वेसाव्याच्या कोळीणबाईंनी विचारलं, "आज तिथी कंची?"

ही चौकशी मुंबईत कुणी करील असं मामींना वाटलं नव्हतं. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर लटकणारं कालनिर्णय त्यांच्या स्वयंपाकघरातही आहे आणि तिथी त्यांना वारापेक्षा आधी आठवते. "पंचमी," त्या म्हणाल्या.

"मग पाऊणपट करा."

कोकणकिनाऱ्यावरचा हा जुना आडाखा: तिथीच्या पाऊणपट जितके वाजतील, तेव्हा पूर्ण भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कधी जास्तही, पण मुंबईत पंचांगावर काम भागतं. मामांना तर पाऊणकी गुरुजींनी छड्या देऊन पाठ करवलेली. इतकी वर्षं ती कशासाठी सांभाळली हे त्यांना जुहूवर कळलं. "पाच पाऊण पावणेचार!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की फलंदाजानं वळून पाहिलं.

मग जेवायला घरी जायचा बेत मोडला. मामा भेळ खात पहाऱ्याला बसले. मधल्या वेळात खेकड्यांनी वाळू चाळून मागं टाकलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी मामींनी मन लावून पाहिली. भरती पुरी झाली तेव्हा घड्याळात नेमके किती वाजले होते, यावर मामा आणि भाच्यात आजही एकमत नाही.

आडाख्याची खरी कसोटी २०२५ साली लागली. ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला निघालेला लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोचला. तोवर पौर्णिमा लागली होती आणि पाणी चढत होतं. मूर्ती नव्या तराफ्यावर चढेना. अंकुशनगरात टीव्हीसमोर बसलेल्या मामांनी लगेच भाच्याला फोन लावला.

"पंधरा पाऊण सव्वाअकरा! दुपारपतुर काय हलत नाही म्हणावं."

"मामा, मी त्या मंडळात नाही."

"मग जे हायेत त्यांना सांग की."

पाणी दुपारच्या सुमारास पुरं भरलं. ते उतरल्यावरच मूर्ती तराफ्यावर आली आणि विसर्जन झालं रात्री नऊच्या सुमारास, चंद्रग्रहण लागायच्या थोडं आधी. मामांनी तोपर्यंत टीव्ही बंद करू दिला नाही.

तेव्हापासून भाच्याला अंधेरीत सकाळी फोन येतात. परवा तो लोकलमध्ये लोंबकळत असताना मामांनी एवढंच सांगितलं, "आज एकादशी. सव्वाआठ," आणि फोन ठेवून दिला.