नवख्या मिशनऱ्याने मराठी कशी शिकावी

मराठी मुलखात धर्मोपदेशासाठी आलेल्या परदेशी मिशनऱ्याचे पहिले काम उपदेश करणे हे नसून गप्प बसणे हे आहे. हा काळ साधारण एक ते दोन वर्षांचा असतो, आणि मायदेशी केवळ बोलण्याचेच शिक्षण घेतलेल्या माणसाला तो फार जड जातो. एकोणिसाव्या शतकात मुंबई, कोकण आणि अहमदनगर या भागांत आलेल्या मंडळींनी हा अभ्यासक्रम पार पाडला. त्याचे टप्पे क्रमाने पुढीलप्रमाणे.

१. मुक्काम मिळवणे

भाषा शिकण्यासाठी आधी त्या देशात राहू दिले जावे लागते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना परत धाडण्याचा ईस्ट इंडिया कंपनीचा बेत होता. कंपनीला व्यापार हवा होता, वादविवाद नको होते. पुढे त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. अर्जविनंत्यांत गेलेला वेळ फुकट गेला असे मात्र समजू नये. तेवढ्यात बाळबोध मुळाक्षरे गिरवून होतात.

२. स्थळाची निवड

मुंबईत इंग्रजी समजणारी माणसे भेटतात, हाच त्या शहराचा मोठा दोष. जॉन विल्सन १८२९ मध्ये स्कॉटलंडहून आले आणि मराठी शिकण्यासाठी कोकणात हर्णै-बाणकोटकडे जाऊन राहिले. वर्ष सरण्याच्या आत ते मराठीत प्रवचन करू लागले. यात त्यांच्या बुद्धीचा वाटा होताच. पण दुसरी कोणतीही भाषा बोलून हर्णैला मासळी मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय पावसाळ्यात गलबतांची ये-जा थांबली की मुंबईला पळून जाण्याची सोय उरत नाही. अभ्यासाला याहून चांगला ऋतू नाही.

३. शास्त्रीबुवांची नेमणूक

शिक्षक म्हणून बहुधा एखादे शास्त्रीबुवा मिळतात. ज्या शास्त्रांचे खंडन करण्यासाठी मिशनरी ही भाषा शिकत असतो, त्याच शास्त्रांचे ते पंडित असतात, आणि शिकवण्याचा पगार मिशनकडूनच घेतात. यात विसंगती आहे असे दोघांपैकी कोणालाही वाटत नाही. शिकवणी आटोपून घरी गेल्यावर शास्त्रीबुवा स्नान करतात. ते मनाला लावून घेऊ नये.

शास्त्रीबुवांपासून दोन धोके संभवतात. पहिला त्यांच्या सौजन्याचा. शिष्याने कोणतेही वाक्य कसेही उच्चारले तरी ते “वा साहेब, उत्तम!” असे म्हणतात. हा अभिप्राय वाक्यावर नसून महिनाअखेरीवर असतो. दुसरा धोका त्यांच्या विद्वत्तेचा. त्यांच्या हाताखाली तयार झालेला शिष्य बाजारात जाऊन “हे वृंताक किती मूल्याचे?” असे विचारतो आणि वांग्यांवाचून परत येतो. यावर उपाय म्हणून भाजीवाल्या मावशींकडे रोज एक विनावेतन तास ठेवावा. त्या “वा साहेब” म्हणत नाहीत.

४. ग्रंथसामग्री

विल्यम कॅरी यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरला राहून वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. त्या कोशात मराठी शब्द मोडीत आहेत, त्यामुळे नवख्याला कोश वाचण्यासाठी आधी मोडी शिकावी लागते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मात्र मिशनऱ्याच्या मेजावरचा खरा आधार म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली आणि वाढवलेली दुसरी १८५७ मध्ये. मोल्सवर्थ हे मिशनरी नसून लष्करी अधिकारी होते. त्यांच्या कोशात म्हणी आणि शिव्याही सापडतात. त्या पाठ करण्याची गरज नाही. ओळखता आल्या म्हणजे पुरे. रस्त्यावर प्रवचन करताना उपयोगी पडतात.

५. उच्चार

‘ळ’ या अक्षराला फाटा देण्याचा मोह आवरावा. “काळ जवळ आला आहे” हा गंभीर इशारा “काल जवल आला आहे” असा बाहेर पडला, तर श्रोते “कोण आला?” असे विचारतात आणि सभेचा नूर पालटतो. ‘च’ हे अक्षर लिहायचे एकाच रीतीने, बोलायचे मात्र दोन रीतींनी. “चार चाकं” एवढे दोन शब्द बिनचूक म्हणता येईपर्यंत पुढच्या धड्याकडे वळू नये.

६. व्याकरण

मराठीत लिंगे तीन आहेत आणि ती तिन्ही एकाच चेहऱ्यावर आढळतात: तो कान, ती जीभ, ते नाक. यामागील कारण शास्त्रीबुवांना विचारू नये. ते सांगतात.

भूतकाळात कर्त्याचा तोरा उतरतो. मिशनऱ्याने भाकरी खाल्ली, तर क्रियापद भाकरीचे ऐकते. मिशनऱ्याला ते विचारीत नाही. त्याने लाडू खाल्ला तर लाडवाचे ऐकते. नम्रता हा सद्गुण शिकवण्याची ही व्याकरणाची रीत होय.

सर्वांत नाजूक जागा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. इंग्रजीत या दोघांचे काम एकच सर्वनाम करते. मराठीत ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटले की बाहेर राहतो. “आम्ही सारे पापी आहोत” असे प्रवचनात ठासून सांगितल्यास श्रोते माना डोलावतात आणि पाद्रीसाहेबांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करीत घरी जातात. देवाला ‘तू’ म्हणण्यास हरकत नाही. पंढरीचे वारकरीही तसेच म्हणतात. तालुक्याच्या मामलेदाराला म्हणू नये.

७. लोकव्यवहार

नोकरचाकरांशी बोलून भाषा शिकू पाहणाऱ्याला फक्त आज्ञार्थ येतो. “आण”, “ठेव”, “जा” एवढ्यावर प्रार्थना रचता येत नाही. भेटीस आलेला गृहस्थ उठताना “येतो” म्हणतो, याचा अर्थ तो चालला आहे. त्याची वाट पाहत दिवा जळत ठेवू नये. “बघू” या उत्तराचा अर्थ नाही असा होतो. धर्मांतराच्या प्रश्नावर ते हमखास मिळते आणि मायदेशी पाठवायच्या अहवालात त्याचे भाषांतर ‘आशादायक’ असे करण्याचा मोह होतो.

कीर्तन आवर्जून ऐकावे. एकाच बैठकीत गाणे, गोष्ट आणि उपदेश ऐकवूनही श्रोत्यांना जागे ठेवण्याची ही युक्ती अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उचलली आणि ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली.

८. लेखन

ग्रंथलेखनाची घाई नसावी. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमी लिपीत छापले गेले. मध्ये ३७ वर्षे गेली. दुसऱ्या वर्षीच अभंग रचू लागणाऱ्या मिशनऱ्याला हा आकडा दाखवावा.

९. अंतिम परीक्षा

मिशनतर्फे घेतली जाणारी भाषेची परीक्षा उत्तीर्ण होणे ही केवळ औपचारिक बाब आहे. खरी परीक्षा उघड्यावर होते. १८५७ मध्ये हिंदू धर्माचे कैवारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालीत. समोर जॉर्ज बोवेन यांच्यासारखे लोक असत. बोवेन १८४८ मध्ये अमेरिकेहून आले आणि १८८८ मध्ये वारले, तेही इथेच. त्या वादांचा वृत्तान्त त्यांनीच छापून प्रसिद्ध केला. विष्णुबुवांनी पाद्र्यांच्या मुद्द्यांवर तुटून पडावे, हा त्या पाद्र्यांच्या मराठीचा मोठाच गौरव होता. जे समजले नाही त्याचे कोणी खंडन करीत नाही.

यावरून अभ्यास संपल्याची खूण निश्चित करता येते. श्रोते चिडून प्रतिप्रश्न करू लागले म्हणजे मिशनऱ्याला मराठी आली असे समजावे. “साहेब मराठी छान बोलतात” असे जोवर लोक म्हणत आहेत, तोवर शिकवणी बंद करू नये.