दाजी, पावती कुठंय?

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,


परवाच्या वास्तुशांतीत भरपंगतीत आपण घोषणा केलीत, "आमचा मेव्हणा नगरला असतो. ग्राहक कोर्टात कंपनीला असा धडा शिकवील की पाणी मागणार नाही!" शेजारच्या पाटावरचे पाहुणे माझ्याकडे पाहू लागले आणि माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. आपलं सोयाबीन उगवलं नाही आणि ते उगवून द्यायची जबाबदारी माझी, हे मला तिथंच कळलं.

मी एवढंच विचारलं, पावती कुठंय? आपण खिशातून तंबाखूच्या पुडीचा कागद काढलात. त्यावर पेनानं "सोया ४ बॅ." तारीख नाही, वाण नाही, लॉट नंबर नाही, सही नाही. कंपनी कोणती, तर "पिवळी बॅग होती." बॅग कुठंय, तर ताईनं धुऊन मोरीच्या खिडकीला लावली. आणि टॅग? "टॅग फाडल्याशिवाय बॅग उघडते का?" असं उलट मलाच विचारलंत.

दाजी, आमच्याकडून आपल्या लग्नात कोणता मानपान राहिला, हे आपल्याला आजही तारखेनिशी पाठ आहे. वरमाईच्या साडीचा काठ चार बोटं कमी होता, हेसुद्धा. एवढी तल्लख स्मरणशक्ती कृषी सेवा केंद्राची पायरी चढताना कुठं जाते?

बाकीचं फार ताणत नाही. सोयाबीनच्या बियाचं टरफल पातळ असतं, तरी बॅगा ट्रॉलीतून धडाधड फेकल्यात. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले असते, तर सत्तर उगवतात की नाही हे घरबसल्या कळलं असतं. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असं राहुरीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी कानीकपाळी ओरडतं. आपण पहिल्या सरीला पाभर जुंपलीत. असो. हे सगळं गिळूनही मी आपल्या बाजूनं भांडलो असतो.

भांडायला जागाही आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. बी विकत घेणारा शेतकरी ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगून टाकलंय. शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, तपासणीसाठी बाजूला काय ठेवणार, हेही त्याच निकालात मान्य केलंय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मुदत २ वर्षांची. तालुक्याला अर्ज दिला की तक्रार निवारण समिती बांधावर येऊन पंचनामा करते. पण बी कोणाचं, कुठून घेतलं, हे तरी दाखवायचं की नाही? समितीला काय मोरीची खिडकी दाखवू?

आणि पावती का नाही, हे मला कळत नाही असं समजू नका. आपण बी रोखीनं घेतलंच नव्हतं. कारखान्याकडून उसाचं बिल निघालं की देतो, असं सांगून आणलं होतं. त्या दुकानदाराच्या वहीत आपली बाकी गेल्या सालापासून उभी आहे. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. मग तो कागदावर दोन्हीपैकी कोणता लिहील? युरिया हवा तर ही औषधाची बाटलीही न्या, असं तो म्हणतो आणि आपण मुकाट नेता. पंगतीत कंपनीच्या नावानं शंख करता, पण त्या काउंटरसमोर आपला आवाज चढत नाही. चढवणार कसा? दुबार पेरणीचं बीसुद्धा त्याच्याकडूनच उधार आणायचंय.

याचा मात्र मला खरंच संताप येतो, दाजी, आणि तो तुमचा नव्हे. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ सालचा आहे. विक्रेत्यानं रोखीची किंवा उधारीची पावती दिलीच पाहिजे, असं त्यात लिहिलंय. उधारीची! शेतकरी बी उधार नेतो, हे सरकारला तेव्हाही ठाऊक होतं. तरी हा गृहस्थ तुमचा पै-पैचा हिशेब आपल्या वहीत ठेवतो, त्यावर तुमची सही घेतो आणि तुमच्या हातात तंबाखूचा कागद ठेवतो. आधीची पेरणी मातीत गेली, मजुरी गेली, आता पुन्हा तीच रांग. चोर कुठला!

दुबारचं बी आणायला जाल तेव्हा माझं नाव सांगू नका, भाऊबंदांना गोळा करू नका. फक्त उधारीची पावती मागा, वाण आणि लॉट नंबरसकट. टॅग आणि बॅग ताईच्या हाती लागू देऊ नका. पावती देत नाही म्हणाला, तर काउंटरवरूनच मला फोन लावा आणि फोन त्याच्या हातात द्या.

आपला आज्ञाधारक (एवढ्यापुरता),
मेव्हणा