पडदा कुठंय, साहेब?

मा. चित्रपट धोरणकर्ते,
मंत्रालय, मुंबई.

पत्राच्या आरंभी सप्रेम नमस्कार लिहायचा रिवाज आहे. त्यातला नमस्कार तेवढा घ्या. सप्रेम लिहवत नाही.

मराठी चित्रपट जगावा म्हणून तुम्ही पैसे देता. समिती चित्रपट बघते, गुण देते. ‘अ’ दर्जा मिळाला तर 40 लाख, ‘ब’ मिळाला तर 30 लाख. पैसा आमच्याच खिशातला आहे आणि तो मराठी चित्रपटावरच खर्च व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण तुमचं धोरण समितीच्या खुर्च्यांपाशी येऊन थांबतं. समितीनं बघितलेला तो चित्रपट जत, आटपाडी, म्हसवड, वडूजच्या माणसानं कुठं बघायचा, हे ठरवायला तुम्हाला इतक्या वर्षांत सवड झाली नाही.

पूर्वीची करपरताव्याची योजना आठवा. 1970च्या दशकात तिकिटावर जमलेला करमणूक कर निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी परत मिळायचा. जितकी माणसं खुर्चीवर, तितका परतावा. त्या हिशेबात पुसेगावच्या जत्रेतल्या तंबूत फाटलेलं तिकीटही मोलाचं होतं. तुम्ही तो हिशेब मोडलात आणि गुणपत्रिका आणलीत. आता चित्रपट गावात पोचला काय, न पोचला काय, निर्मात्याच्या अनुदानात फरक पडत नाही. मग त्यानं गावाकडं यावं कशाला?

खेड्यात प्रेक्षकच उरला नाही, असं परिसंवादांत ठणकावून सांगितलं जातं. ते सांगणाऱ्यांनी रहिमतपूरला जाऊन विचारावं. 29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ लागला आणि कोरेगाव तालुक्यातल्या या छोट्या गावात गर्दी आवरेना. रात्री बाराचा खेळ लावला, तरी माणसं उरली. म्हणून पहाटे तीनचाही लावला. पहाटे तीन, साहेब! एरवी त्या वेळेला आमच्याकडं माणूस उठतो तो मोटारीला लाइट आली म्हणून, उसाला पाणी पाजायला. सिनेमासाठी अख्खं गाव जागं राहिलं ते कुठल्याही अनुदानानं नव्हे. चित्रपट आपला वाटला आणि बसायला थिएटर गावातच होतं, म्हणून.

मल्टिप्लेक्सचं तुम्ही काय केलंत, तेही लोकांना आठवतं. 2015 साली मराठी चित्रपटाला संध्याकाळच्या प्राइम टाइमची सक्ती जाहीर केलीत. ओरड होताच प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ, असं ठरवून मोकळे झालात. दुपारी बाराला आमचा माणूस रानात असतो, कारखान्यावर असतो, दुकानात गल्ल्यावर असतो. माणदेशातून सांगली-कराड गाठून रात्रीचा खेळ बघावा, तर परतीची शेवटची एसटी चुकते. चौघांच्या कुटुंबाची तिकिटं, प्रवास आणि मोडलेला रोजगार यांची बेरीज एकदा स्वतःच्या हातानं करून बघा.

आमच्या गावच्या टॉकीजची तिकीट खिडकी अजून आहे. लोखंडी जाळी, खाली हात जाईल एवढं भोक, हातांनी घासून गुळगुळीत झालेली दगडी कड. जाळीच्या वर आता मंगल कार्यालयाच्या बुकिंगचा नंबर रंगवलाय. आत पडद्याच्या जागी वधूवरांचं स्टेज आहे. मालकाला मी दोष देत नाही. छत गळत होतं, डिजिटल प्रोजेक्टर परवडत नव्हता आणि तुमच्या कुठल्याही योजनेत त्याच्यासाठी ओळ नव्हती.

आणि हा मुलूख कुठला? 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते सांगलीत. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्याच्या मातीतले, ‘फकिरा’ लिहिणारे अण्णा भाऊ वाटेगावचे. मेणवलीचा घाट ‘स्वदेस’ला चालला, साताऱ्याचं खेडं ‘लागीरं झालं जी’ला चाललं. शूटिंगच्या गाड्या आल्या की पोरं धावतात, वाडे उघडतात, बाया चहा देतात. लोकेशन म्हणून आम्ही तुम्हाला हवे आहोत. प्रेक्षक म्हणून आमची तुम्हाला आठवणही होत नाही.

पैसे नाहीत, हे मी ऐकून घेणार नाही. मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ती माफी गेली, तेव्हा तुम्ही गप्प बसलात. पण 2020 साली ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटासाठी राज्याच्या वाट्याचा जीएसटी सोडायचा निर्णय मंत्रिमंडळात झाला. म्हणजे मनात आणलं की वाट सापडते.

तेव्हा मागणी लिहून घ्या. अनुदानाचा निम्मा हिस्सा तालुक्याच्या ठिकाणी खपलेल्या तिकिटांवर द्या. बंद टॉकीजच्या मालकाला छत, प्रोजेक्टर आणि साउंडसाठी बिनव्याजी कर्ज द्या. जिथं टॉकीज उरलंच नाही, तिथं पालिकेच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी चित्रपट लावा, शेवटची एसटी सुटायच्या आत संपेल असा. आणि पुढच्या धोरणाचा मसुदा करताना एक बैठक म्हसवडला घ्या. खुर्च्या आम्ही मांडू.

आपला,
माणदेशातला एक प्रेक्षक