सर्गासम यांस कारणे दाखवा

प्रति,
सर्गासम (तपकिरी समुद्रशेवाळ),
मु. अटलांटिक महासागर.

विषय : विनाबुकिंग मुक्काम ठोकल्याबाबत.

महोदय,

मेक्सिकोतील कान्कून, तुलुम आणि प्लाया देल कार्मेन येथे सुट्टीसाठी आलेल्या समस्त पर्यटकांच्या वतीने आपणांस कळविण्यात येते की, माहितीपत्रकात पांढरी वाळू होती, निळेशार पाणी होते, नारळही होते. आपण नव्हता. पर्यटकांनी वर्षभर पैसे साठवले ते गुडघाभर तपकिरी लगद्यात उभे राहून फोटो काढण्यासाठी नव्हे.

अटलांटिकमधल्या सर्गासो समुद्रात आपण होता तोवर कुणाची तक्रार नव्हती. १४९२ साली कोलंबसाच्या खलाशांना आपण दिसलात, तेव्हा जमीन जवळ आली म्हणून ते हुरळले होते. मूळ नाही, तळ नाही. मण्यांएवढ्या, हवा भरलेल्या फुग्यांवर सगळा डोलारा, आणि त्याच्या आडोशाला कासवाची पिल्ले, मासे, खेकडे. तिथली आपली वर्तणूक उत्तम, हे मान्य. पण २०११ पासून आपण कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर लोंढ्याने येऊ लागलात. जून २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आपला ८,८५० किलोमीटरचा पट्टा उपग्रहांना दिसला. वजन दोन कोटी टनांवर. मे २०२५ मध्ये ते पावणेचार कोटींवर गेले.

खुलाशात आपण नद्यांतून वाहून आलेली खते, तापलेले पाणी, बदललेले वारे अशी कारणे पुढे कराल. शास्त्रज्ञही हीच नावे घेतात. कुणाचा वाटा किती, यावर त्यांच्यात वाद आहे. पर्यटकांना हे ऐकवू नये. ते विमानाने आले आहेत आणि दमले आहेत.

रिसॉर्टचे कामगार भल्या पहाटे दाताळी आणि हातगाड्या घेऊन उतरतात. पाहुणे न्याहारीला येईपर्यंत किनारा चकाचक. दुपारच्या लाटांबरोबर पुन्हा तेवढाच ढीग. आपला वास झेलणाऱ्या कामगारांच्या नाकाबद्दल माहितीपत्रकात काही नाही.

ग्वादलूप आणि मार्टिनिक या कॅरिबियन बेटांवर २०१८ साली आठ महिन्यांत आपण कुजताना सुटणाऱ्या वायूची बाधा झाल्याची ११ हजारांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली. तिथे घराघरांतले फ्रिज आणि एसी गंजले. मात्र हे लोक तिथे राहतात, सुट्टीवर आलेले नाहीत. सबब त्यांची तक्रार या पत्राच्या कक्षेत येत नाही.

मेक्सिकोतल्याच पुएर्तो मोरेलोसमध्ये एका रोपवाटिकावाल्याने आपल्यापासून विटा पाडून घर बांधले आहे. असे उपयोगी पडण्यास पर्यटकांची हरकत नाही. फक्त ते समुद्र दिसणाऱ्या खोलीसमोर नको.

खुलासा ४८ तासांत यावा. त्यानंतर आपण कुजू लागता, हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि सडक्या अंड्यांच्या वासात कुणालाच काही वाचवत नाही.

कळावे,
समस्त पर्यटक

प्रत माहितीस्तव : मेक्सिकोचे नौदल. (आपल्या बंदोबस्ताचे काम २०१९ पासून त्यांच्याकडे आहे. शेवाळ उपसणाऱ्या जहाजाला त्यांनी आपल्याच प्रजातीवरून 'नातान्स' हे नाव दिल्याने आतून लागेबांधे असावेत, असा पर्यटकांना संशय आहे.)